ओपेथ ऐकायला घेताना : ग्राउल नको, सांधे ऐका

हॉस्टेलमध्ये एका मित्राच्या हार्ड डिस्कवरून मी ओपेथ हा स्वीडिश मेटल बँड उतरवून घेतला तेव्हा सगळे अल्बम इंग्रजी वर्णक्रमानं लागलेले होते. आधी ब्लॅकवॉटर पार्क, मग डॅम्नेशन, मग डिलिव्हरन्स, आणि अगदी तळाशी ऑर्किड अन् स्टिल लाइफ. मी बापडा त्याच क्रमानं ऐकत गेलो. महिनाभर माझी पक्की समजूत होती की हा बँड आधी उत्तम वाजवायचा, नंतर त्याचं ध्वनिमुद्रण बिघडलं आणि गाणी उगाच लांबत गेली. ऑर्किड हा त्यांचा पहिला अल्बम, १९९५ सालचा, हे कळलं तेव्हा ओशाळायला झालं.

बँड काळानुसार कसा बदलला हे समजून घ्यायचं असेल तर आधी क्रम ठाऊक हवा, आणि त्या क्रमातून नेमकं काय शोधायचं तेही. नव्यानं येणारे बहुतेक जण एकच गोष्ट मोजतात : कोणत्या अल्बममध्ये ग्राउल, म्हणजे तो पोटातून येणारा घोगरा आवाज, किती आहे. त्या हिशोबानं ओपेथची गोष्ट दोन ओळींत संपते. २००८ पर्यंत होता, २०११ मध्ये गेला, २०२४ मध्ये परत आला. माझं म्हणणं असं की या मोजमापातून फारसं काही हाती लागत नाही. ओपेथच्या संगीतात पहिल्या दिवसापासून दोन घरं आहेत, एक गडगडाटी आणि एक शांत. बँड बदलत गेला तो या दोन घरांमधला दरवाजा कसा उघडतो यात. तो सांधा ऐकायला शिकलात की चौदा अल्बम आपोआप एका ओळीत उभे राहतात.

पायरी पहिली : मांडामांड

आधी अल्बमची वर्षवार यादी करून समोर ठेवा. ऑर्किड (१९९५), मॉर्निंगराइज (१९९६), माय आर्म्स युअर हर्स (१९९८), स्टिल लाइफ (१९९९), ब्लॅकवॉटर पार्क (२००१), डिलिव्हरन्स (२००२), डॅम्नेशन (२००३), घोस्ट रेव्हरीज (२००५), वॉटरशेड (२००८), हेरिटेज (२०११), पेल कम्युनियन (२०१४), सॉर्सरेस (२०१६), इन कॉडा व्हेनेनम (२०१९), द लास्ट विल अँड टेस्टामेंट (२०२४).

मग ॲपमधलं शफल बंद करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्रॉसफेड बंद करा. एक गाणं संपता संपता दुसरं हळूच सुरू करून देणारी ती सोय पार्टीत ठीक आहे, इथं ती नेमकी आपल्याला ऐकायची तीच जागा पुसून टाकते. हेडफोन महागडे नसले तरी चालतील, पण दोन्ही कानांत नीट वाजणारे हवेत, कारण दोन गिटार बऱ्याचदा दोन बाजूंना वेगवेगळं काही वाजवत असतात.

सोबत वही ठेवा. गाणं शांतातून गडगडाटात किंवा उलट गेलं की मिनिट आणि सेकंद लिहायचे आणि पुढं एकच शब्द : ‘तुटलं’, ‘विरघळलं’, ‘थांबलं’, ‘आदळलं’, जो सुचेल तो. सुरुवातीला हे शाळेच्या गृहपाठासारखं वाटेल. तीन-चार गाण्यांनंतर वहीची गरज उरत नाही, पण पहिल्या आठवड्यात ती लागतेच.

पायरी दुसरी : सुरुवात मधूनच करा

यादी वर्षवार केली म्हणून ऐकायलाही पहिल्यापासूनच बसायला हवं असं नाही. पहिला अल्बम पहिल्यांदा ऐकून बँड सोडून दिलेले निदान चार जण माझ्या ओळखीत आहेत.

सुरुवात डॅम्नेशनमधल्या ‘विंडोपेन’नं करा. पावणेआठ मिनिटांचं संथ गाणं, ग्राउल नाही, खरखरीत गिटार नाही. मागं व्हायोलिनच्या घोळक्यासारखा पण किंचित थरथरणारा जो सूर येतो तो मेलोट्रॉनचा. या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो. पट्टी दाबली की आधी मुद्रित केलेला खऱ्या वाद्यांचा सूर वाजू लागतो आणि सुमारे आठ सेकंदांत फीत संपते. साठ-सत्तरच्या दशकांत प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांचं, म्हणजे लांब, गुंतागुंतीची रॉक गाणी रचणाऱ्यांचं, हे लाडकं वाद्य होतं. ते आत्ताच कानात साठवून ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

विंडोपेन दोन-तीनदा ऐकून झालं की ब्लॅकवॉटर पार्कमधलं ‘द ड्रेपरी फॉल्स’ लावा. सुरुवातीचा बराच वेळ तुम्हाला वाटेल की विंडोपेनचाच थोरला भाऊ ऐकतोय. गिटार जड आहे, पण वरचा आवाज साफ आणि रेंगाळणारा. मग कधीतरी ग्राउल येतो. तो नेमका कधी येणार हे माहीत नसताना एकदा ऐका, आणि लगेच दुसऱ्यांदा, फक्त त्याच्या आधीचं अर्धं मिनिट लक्ष देऊन. जमीन आधीच हळूहळू तापवलेली असते, आवाज फक्त शेवटची ठिणगी टाकतो. वहीत लिहायचा हा तुमचा पहिला सांधा.

ग्राउलचा त्रास होत असेल तर त्यातले शब्द पकडायचा नाद सोडा. तो आवाज एक वाद्य आहे असं समजा आणि लक्ष ड्रमवर न्या. दोन दिवसांत कान सरावतो. कुणाकुणाचा सरावत नाही, त्यांनी डॅम्नेशन आणि २०११ ते २०१९ मधले अल्बम ऐकावेत. त्यात कमीपणा काही नाही.

पायरी तिसरी : आता मागं जा

ओपेथ मूळचा स्टॉकहोमचा. १९९० च्या आसपास सुरू झाला. गायक, गिटारवादक आणि जवळपास सगळ्या गाण्यांचा कर्ता मिकाएल ओकरफेल्ट. आजपर्यंतच्या प्रत्येक अल्बमवर असलेला हा एकच माणूस. बँडचं नाव विल्बर स्मिथच्या एका कादंबरीतल्या नगरावरून आलंय.

ऑर्किड आणि मॉर्निंगराइज या पहिल्या दोन अल्बमांना मी गोधडी म्हणतो. एकेक तुकडा देखणा, पण टाके उघडे. ऑर्किडमधलं पहिलंच गाणं, ‘इन मिस्ट शी वॉज स्टँडिंग’, चौदा मिनिटांचं आहे. रिफमागून रिफ, म्हणजे गिटारच्या छोट्या ठसठशीत चाली, येत राहतात, गेलेला रिफ सहसा परत फिरकत नाही, मध्येच सगळं थांबतं आणि अकूस्टिक गिटार सुरू होते. ती संपली की पुन्हा धडाधड. धृपद असं नाहीच. मॉर्निंगराइजमध्ये पाचच गाणी आहेत आणि लांबी सहासष्ट मिनिटं. त्यातलं ‘ब्लॅक रोज इम्मॉर्टल’ एकटं वीस मिनिटांचं. हे दोन्ही अल्बम डॅन स्वानो यांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले. गिटारचा आवाज पातळ आहे, थोडा धुक्यातून आल्यासारखा. मला तो आवडतो. पण इथं वहीत ‘तुटलं’ आणि ‘थांबलं’ हेच शब्द सारखे लिहावे लागतील.

दोन्ही गिटार नीट ऐका. एक साथ देतेय आणि दुसरी मुख्य चाल वाजवतेय असं इथं क्वचितच होतं. दोघी एकाच वेळी दोन वेगळ्या चाली गातात. ही सवय पुढं कमी होत गेली, आणि जुने चाहते हळहळतात ते याच गोष्टीसाठी.

मॉर्निंगराइजमधलं शेवटचं ‘टू बिड यू फेअरवेल’ मुद्दाम शेवटी ऐका. ग्राउलशिवायचं गाणं, १९९६ सालचं. ‘ओपेथनं २०११ मध्ये मेटल सोडून मवाळपणा धरला’ असं कुणी सांगायला लागलं की हे गाणं पुढं करायचं.

पायरी चौथी : ड्रमवाला बदलला की चाल बदलते

तबलजी बदलला की तीच बंदिश वेगळी चालते, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. इथंही यादीच्या शेजारी ड्रमवाल्यांची नावं लिहून ठेवा. पहिल्या दोन अल्बमवर अँडर्स नॉर्डिन. १९९८ ते २००५ मार्टिन लोपेझ. २००८ ते २०१९ मार्टिन अक्सेनरोट. २०२४ मध्ये फिनलंडचा वाल्टेरी व्हायरुनेन. बेसवर स्टिल लाइफपासून आजतागायत मार्टिन मेंडेझ. लोपेझ आणि मेंडेझ दोघांची मुळं उरुग्वेची, आणि त्या जोडीनं या बँडच्या चालण्यात एक डोल आणला असं मला कायम वाटत आलंय.

माय आर्म्स युअर हर्समध्ये लोपेझ आला आणि गाणी आटोपशीर झाली. या अल्बमवर बेसही ओकरफेल्टनंच वाजवलाय. अख्खा अल्बम एक गोष्ट सांगतो, मेलेल्या माणसाचा आत्मा मागं राहिलेल्यांना पाहतोय अशी. इथं एक गंमत करून पाहा : शब्द समोर ठेवा आणि प्रत्येक गाण्याचा शेवटचा शब्द बघा. पुढच्या गाण्याचं नाव तेच असतं. आपल्याकडच्या अंताक्षरीचाच प्रकार, फक्त अक्षराऐवजी शब्द. गाण्यांमधला सांधा बँडनं पहिल्यांदा जाणूनबुजून रचला तो इथं.

स्टिल लाइफ हा माझ्या मते त्यांचा सगळ्यात कमी चर्चिला गेलेला मोठा अल्बम. अश्रद्ध ठरवून गावाबाहेर घालवलेला एक माणूस वर्षांनंतर मेलिंडासाठी परत येतो, ही त्याची कथा. ‘फेस ऑफ मेलिंडा’ चार-पाच वेळा ऐका. लोपेझ काठ्यांऐवजी ब्रशनं वाजवतो, बेस घरंगळत सरकतो, रात्री उशिरा बंद व्हायला आलेल्या जॅझ क्लबासारखा सगळा माहोल. अर्ध्यावर गाणं जड होतं, पण आधीच्या शांत भागातच त्याची तयारी झालेली असल्यामुळं धक्का बसत नाही, नुसता अंगावर काटा येतो. मॉर्निंगराइजनंतर अवघ्या तीन वर्षांत बँड इथवर पोचला. गोधडीचे टाके आत गेले.

पायरी पाचवी : जुळ्यांची परीक्षा

ब्लॅकवॉटर पार्कच्या निर्मितीत पॉर्क्युपाइन ट्री या बँडचा स्टीव्हन विल्सन आला. त्यानं रिफ बदलले नाहीत, थर वाढवले. आवाजावर आवाज, मागं बारीकसे पियानोचे स्वर, गिटारभोवती हवा. ‘ब्लीक’मधला साफ आवाज काही ठिकाणी त्याचाच आहे. हा अल्बम पूर्ण ऐका, मध्ये न थांबता, एका रात्री.

त्यानंतर येणारे डिलिव्हरन्स आणि डॅम्नेशन एकाच सुमारास ध्वनिमुद्रित झाले आणि काही महिन्यांच्या अंतरानं बाहेर पडले. एकात बहुतेक सगळं जड, दुसऱ्यात सगळं शांत. दोन घरं वेगळी केली आणि मध्ये भिंत घातली. अभ्यासाला यासारखी सोय दुसऱ्या कुठल्या बँडनं करून दिली असेल असं वाटत नाही.

करायचं असं : पहिल्या दिवशी ‘डिलिव्हरन्स’ हे गाणं, दुसऱ्या दिवशी पूर्ण डॅम्नेशन, तिसऱ्या दिवशी पूर्ण डिलिव्हरन्स. मग स्वतःला विचारा, काय हरवलंय? मला विचाराल तर डॅम्नेशनला काहीच कमी पडलं नाही, डिलिव्हरन्सला मात्र पडलं. शांतता कमी असलेला ओपेथ दमवतो. अपवाद त्या शीर्षकगीताच्या शेवटाचा. एकच अडखळता, हट्टी ठोका मिनिटामागून मिनिटं वाजत राहतो, गिटार आणि ड्रम एकमेकांना घट्ट धरून, आणि बाहेर पडायची वाटच सापडत नाही. पहिल्यांदा ऐकताना मात्रा मोजायला जाऊ नका, फसाल. पायानं ठेका धरायचा प्रयत्न करा, सम आपोआप सापडते. सापडली की सोडवत नाही.

पायरी सहावी : दरवाजाच मोडला

घोस्ट रेव्हरीजमध्ये कीबोर्डवर पेर विबर्ग बँडचा पूर्ण सदस्य म्हणून आला. ‘घोस्ट ऑफ पर्डिशन’ची पहिली काही सेकंदं नाजूक गिटार आणि पुढच्या क्षणी ग्राउल थेट तोंडावर. वहीत ‘आदळलं’ लिहाल. पण पुढची दहा मिनिटं ऐका : साफ आवाज आणि ग्राउल एकाच वाक्यातल्या दोन शब्दांसारखे येतात-जातात. कीबोर्डनं दोन्ही घरांवर एकच छप्पर घातलंय. ‘अटोनमेंट’मध्ये हातानं वाजवायची तालवाद्यं आणि पूर्वेकडचा वास असलेली चाल आहे, आपल्या कानाला ते गाणं लवकर आपलंसं होतं. बँडकडं असलेलं सगळं एकाच जागी हवं असेल तर हाच अल्बम.

वॉटरशेडपर्यंत लोपेझ आणि जुना गिटारवादक पेटर लिंडग्रेन दोघंही गेले. फ्रेड्रिक ओकेसन आणि अक्सेनरोट आले. आणि जो सांधा दहा वर्षं घासून गुळगुळीत केला तो ओकरफेल्टनं मुद्दाम खडबडीत केला. ‘द लोटस ईटर’मध्ये डेथ मेटलचा, म्हणजे ग्राउलवाल्या जहाल मेटलचा, सगळ्यात वेगवान ठोका आणि त्यावर साफ, गोड आवाज. आजवरच्या वाटण्या उलट्यापालट्या. त्याच गाण्यात पुढं कीबोर्ड एकदम नाचरी, जवळजवळ फंकी चाल सुरू करतो. ‘बर्डन’ हे सुंदर संथ गाणं, आणि त्याच्या शेवटी वाजत असलेली गिटार वाजता वाजताच बेसूर केली जाते, तारा सैल होत जातात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फाइल खराब आहे समजून दुसरी उतरवून घेतली होती.

२०११ चा धक्का पुढं येणार आहे, पण तो घडला इथं.

पायरी सातवी : हेरिटेजकडं शांतपणे बघा

हेरिटेजमध्ये ग्राउल नाही. खरखर कमी, मेटल म्हणावं असं फार थोडं. ध्वनिमुद्रण स्टॉकहोमच्या अटलांटिस स्टुडिओत, जिथं सत्तरच्या दशकात आबा (ABBA) या पॉप बँडनंही गाणी केली होती. मुखपृष्ठावर एक झाड आहे, त्याला फळांऐवजी बँडमधल्या लोकांची डोकी, आणि एक डोकं गळून पडतंय. ते विबर्गचं, कारण हा अल्बम करून तो बाहेर पडला.

हा अल्बम लोक चिडून ऐकतात किंवा बचावाच्या पवित्र्यात ऐकतात. तुम्ही आधीच्या सहा पायऱ्या चढून आला असाल तर दोन्हीची गरज नाही. डॅम्नेशनमधलं मेलोट्रॉन आठवा, ‘फेस ऑफ मेलिंडा’तले ब्रश आठवा. इथलं साहित्य सगळं ओळखीचं आहे. नवा आहे तो सांधा : चक्क शांतता. ‘फॅमिन’ ऐका. हातानं वाजवायची तालवाद्यं, मग पियानो, मग एकदम बासरी, आणि मध्ये मोकळ्या फटी. मला हा अल्बम पूर्ण जमलेला वाटत नाही. फटींमधून वारा येतो. पण बँड कुठं चाललाय हे तो प्रामाणिकपणे सांगतो.

पेल कम्युनियनमध्ये त्या फटी बुजल्या. नवा कीबोर्डवाला योआकिम स्वालबेर्ग, वेल्समधला रॉकफिल्ड स्टुडिओ, आणि गळ्यात गळा घालून गाणारे आवाज. ‘रिव्हर’ची सुरुवात तर उन्हात बसून गायल्यासारखी आहे. ग्राउल नसलेल्या काळातला एकच अल्बम ऐकायचा तर हा. सॉर्सरेस एकदा ऐका आणि पुढं चला, त्यात चांगली गाणी आहेत, धागा नाही.

इन कॉडा व्हेनेनम दोन भाषांत आहे, स्वीडिश आणि इंग्रजी, संगीत तेच. स्वीडिश ऐका. अर्थ कळणार नाही, पण ओकरफेल्टचा आवाज मातृभाषेत सैलावतो. शब्दांचे जोड स्वरांच्या जोडांवर बरोबर बसतात, आणि इंग्रजीत तेच किंचित ताणल्यासारखे वाटतात. नाट्यगीत हिंदीत रूपांतर करून गायलं तर जे होईल तसलंच काहीसं. याच वर्षी, म्हणजे २०१९ च्या अखेरीस, ते पुण्याच्या एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवात वाजवून गेले.

पायरी आठवी : मृत्युपत्र

द लास्ट विल अँड टेस्टामेंट हा पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातल्या एका श्रीमंत घराण्यातलं मृत्युपत्रवाचन आहे. बाप मेलाय, मुलं जमलीत, कागद उघडला जातोय. गाण्यांना नावं नाहीत, मृत्युपत्रातल्या कलमांसारखे एक ते सात क्रमांक. फक्त आठव्याला नाव आहे. वाडे आणि वाटण्यांच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्या लोकांना ही कथा समजावून सांगायला नको.

वॉटरशेडनंतर सोळा वर्षांनी ग्राउल परत आला म्हणून जल्लोष झाला. तुम्ही मात्र तो कुठं आहे हे बघा. मेलेला बाप मृत्युपत्रातून बोलतो तेव्हा ग्राउल. शिवाय जेथ्रो टल या जुन्या रॉक बँडचे इयन अँडरसन निवेदन करतात आणि बासरीही वाजवतात, म्हणजे साफ आवाज, ग्राउल आणि नुसतं बोलणं असे तीन. हे तिघं मिनिटामिनिटाला एकमेकांच्या हातून वाक्य काढून घेतात. एकही गाणं दहा मिनिटांच्या घरात जात नाही. १९९५ मध्ये चौदा मिनिटांत जेवढे सांधे होते तेवढे इथं सहा मिनिटांत आहेत आणि कुठलाही मोजायला गेलात तर हातातून निसटतो. माझी वही इथं बंद पडली, ‘कलम ३’ला सहा वेळा ‘?’ लिहून.

आता शेवटची जोडी. या अल्बममधलं ते आठवं, नाव असलेलं गाणं : ‘अ स्टोरी नेव्हर टोल्ड’. सगळा गोंधळ संपल्यावर येणारं, ग्राउल नसलेलं, संथ. ते लावा, आणि ते संपल्यावर लगेच बाजूला ठेवलेलं ‘टू बिड यू फेअरवेल’ पुन्हा लावा. दोन्ही आपापल्या अल्बमचा शेवट, मध्ये अठ्ठावीस वर्षं. जुन्या गाण्यात अर्धं उलटून गेल्यावर गिटार एकदम जड होते, टाका स्पष्ट दिसतो. नव्यात तशी जागा शोधत बसाल आणि तोवर ओकेसनची गिटार गात गात निघून गेलेली असेल.